बंबाचा काठ

माझ्या सुनेचा डावा गाल चौदा महिने झोपलेला आहे. चहा प्यायली की त्या बाजूनं ओघळ येतो, म्हणून सुष्मिता चारचौघांत चहाच घेत नाही. हसली तर अर्धीच हसते. भावकीतल्या बायका म्हणतात, शांतादेवीची सून तोंड वाकडं करून बघते. त्या बायकांची तोंडं मी बंद करू शकते, पण हिचा गाल काही मला हलवता येत नाही.

श्रीशैल, माझा मुलगा, शिरोलीत फौंड्रीत आहे. त्यानंच शोध काढला, एका मोठ्या दवाखान्यात नवा प्रयोग चालू आहे. पोटावरची चरबी काढायची, तिच्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि मार लागलेल्या नसेभोवती सोडायच्या. हे ऐकल्यापासून सुष्मिता रोज आरशासमोर उभी राहून गालाला बोट लावून बघायला लागली. वर्षभर तिनं त्या आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता.

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची, पण बोलायला नेमकी.

"जखम कशानं झाली?"

"न्हाणीत घसरली. बंबाच्या काठावर गाल आपटला," श्रीशैलनं सांगितलं. त्याला तेवढंच ठाऊक. तो त्या दिवशी ड्यूटीवर होता.

"म्हणजे नस चेचली असणार. अशा नसेला सेलचा उपयोग होईल अशी आशा आहे. कापली गेली असती तर आम्ही घेतलंच नसतं. मधे फट पडली की नुसत्या सेल सोडून भागत नाही, पायाची नस काढून जोड द्यावा लागतो. तोही दीड वर्षाच्या आत. पुढं गालाचं मांसच सुकतं." तिनं सुष्मिताकडं बघितलं. "नक्की बंबच ना? काच, पत्रा, असं काही?"

"बंबच," सुष्मिता म्हणाली. खाली बघत.

गेल्या सालच्या नागपंचमीला कासारणीनं मला कोपराला टेकतील एवढ्या बांगड्या भरल्या होत्या. पाहुण्यांसमोर ही मला उलट बोलली आणि मी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. बांगड्या फुटल्या, काच गालात गेली. गल्लीतल्या डॉक्टरला बंब मीच सांगितला. त्यानं टाके घातले, सूज उतरली की गाल हलेल म्हणाला. सुष्मिता गप्प राहिली आणि मी तिच्या गप्प बसण्याला चांगलं वळण म्हणत आले.

दीड वर्षाला चारच महिने उरले होते.

"काच होती," मी म्हणाले. "माझ्या हातातली. मी मारली तिला."

"अव्वा, काय बोलायलीस?" श्रीशैल उभा राहिला.

"ऐकलंस ते."

डॉक्टरीणबाईनं प्रयोगाचा अर्ज बाजूला सारला. सुष्मिताच्या गालात सुई घालून तपासलं. मांस थोडंच जागं होतं. मिरजेच्या सर्जनला चिठ्ठी दिली. म्हणाली, "खात्री देत नाही. काच आहे हे तेव्हाच कळलं असतं, तर पहिल्या दोन दिवसांत नस शिवता आली असती."

श्रीशैल माझ्याकडं न बघता गाडी काढायला गेला. आम्ही दोघी बाकावर बसलो.

"आत्ता कशाला बोललासा, आत्ती?" सुष्मिता म्हणाली. "घेतलं असतं की मला त्यांनी."

"उपेग झाला नसता, पोरी."

"ते काय मला कळत न्हाय व्हय? काच माझ्याच गालात गेलती." डाव्या ओठाच्या कोपऱ्यातनं लाळ आली, ती तिनं पुसली नाही. "चौदा महिनं तुमची अब्रू झाकली. वाटलं, त्या बदल्यात देव एवढं तरी पदरात घालंल. आता पाय कापा, गाल फाडा, आनि तरी खात्री न्हाय."

चुकलं, असं म्हणायचं होतं. आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

"उद्याच मिरजेला जाऊ," मी म्हणाले. "मी येते संगं."

"तुमी नगा. आमी दोघं जाऊ."

माझ्या घरात मला नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी "बरं" म्हणाले.