तंबूच्या दारात झाड

आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या दारावर एक नोटीस आहे. ‘गच्चीत तंबू लावू नये.’ कामोठ्यात एवढ्या सोसायट्या आहेत, अशी नोटीस दुसरीकडे कुठे दाखवा, मी तुम्हाला जेवायला घालीन. ती आमच्यामुळे लागली. म्हणजे माझ्यामुळेच, कारण सुधीर तर नको नकोच म्हणत होता.

सुधीर माझा नवरा. आमचं जमलं बेलापूरच्या एकाच ऑफिसात, त्यामुळे अहो-जाहो कधी नव्हतंच. लग्न झाल्यावर मला कळलं की हा माणूस रविवारी घरी नसतो. पाठीवर सॅक, सॅकवर तंबू, चालला डोंगरात. तीस वर्षं हेच. दोन वर्षांपूर्वी मात्र दोन्ही गुडघे बदलावे लागले. ऑपरेशन झकास झालं. चालतो, जिना चढतो, सगळं करतो, फक्त जमिनीवर बसला की उठता येत नाही. झालं, गडी जो बाल्कनीतल्या खुर्चीत बसला तो बसलाच. समोर खारघरचा डोंगर दिसतो, तर एक दिवस बघते, याने खुर्ची उलटी फिरवून घेतलेली. डोंगराकडे पाठ आणि समोर आमची वॉशिंग मशीन. माझं डोकंच सटकलं.

मी जाहीर केलं, पाडवा झाला की तीन रात्री तंबूत. गाडी क्षिप्रा चालवेल. क्षिप्रा आमची लेक, ऐरोलीला आयटीत आहे, तिच्या रजा दरवर्षी वाया जातात.

सुधीर म्हणाला, “एका अटीवर. सकाळी तंबूतून माझा मी उठणार. कुणी हात द्यायचा नाही. हात धरून उठवायची वेळ आली की तिथूनच परत. मग हा विषय बंद, आणि तंबू भंगारात.”

“बाबा, आपण फोल्डिंगची खाट नेऊ या ना,” क्षिप्रा म्हणाली.

“खाटेवरच झोपायचं तर कामोठं काय वाईट आहे?”

त्याच्या फिजिओथेरपीवाल्या वैदेहीने सांगून ठेवलं होतं की गुडघ्याच्या वर येईल असं काहीतरी पक्कं हवं, त्यावर दोन्ही तळवे टेकले की उठता येतं. म्हणून आम्ही प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन गच्चीत रंगीत तालीम केली. तंबूची दोरी टाकीच्या पाइपाला बांधली. सुधीर आत आडवा झाला, बाहेर सरकला, स्टुलावर हात टेकले, आणि स्टूल सटकन पुढे. तो मागे बसला, त्याला धरायला गेलेली मी त्याच्यावर, आणि तंबू आम्हा दोघांवर. नेमके त्याच वेळी सेक्रेटरी दिनानाथ टाकी बघायला वर आले. भर दुपारी तंबूतून बाहेर आलेले चार पाय बघून त्यांचा काय समज झाला देव जाणे! दुसऱ्या दिवशी नोटीस.

जागा निवडायचं काम मग मी हातात घेतलं. स्टूल बेभरवशाचं निघालं होतं, म्हणजे जागच्या जागी उभं असलेलं काहीतरी हवं. क्षिप्राने लॅपटॉपवर मोठी यादी केली होती, कुठला व्ह्यू चांगला, कुठे बार्बेक्यू, कुठे म्युझिक. मी म्हटलं, गुंडाळून ठेव तुझं म्युझिक. माझे दोनच प्रश्न. कमोड आहे का, आणि तंबूच्या दारात झाड आहे का?

“मॅडम, आपल्याकडे पूर्ण जंगलच आहे,” फोनवर एक कॅम्पवाला म्हणाला.

“जंगल नको हो. एक झाड. दारात. हाताशी येईल असं.”

“हॅमॉक लावायचाय का?”

“नाही, नवरा उठवायचाय.”

त्याने फोन ठेवला. दुसरा म्हणाला, होतं झाड, पण व्ह्यूच्या आड येत होतं म्हणून तोडलं. त्याला मी जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. शेवटी दोन ठिकाणं मिळाली. एक भोरकडे धरणाच्या काठी, एक साताऱ्याच्या वर रानात. दोघांनीही झाड आहे म्हणून छातीठोक सांगितलं.

तिसरी जागा सापडत नव्हती. मग देवरुखकडच्या डोंगरातल्या एका रामचंद्रचा नंबर मिळाला. आवाजावरून साठीचा वाटला.

“झाड नाय हो ताई,” तो म्हणाला. “आमच्याकडे तंबू सड्यावर लावतात.”

माझा जीव भांड्यात पडला. मी फलटणची. आमच्याकडे सडा म्हणजे पहाटे अंगणात शेणपाण्याचा घालतात तो. अंगण आलं म्हणजे घर आलं, घर आलं म्हणजे दारात ओटा असणारच. ओट्यावर तळवे टेकून माणूस आरामात उठतो. शहाण्या माणसाने अंगणातच तंबूंची सोय केलीय, व्वा!

“रोज असतो ना सडा?” मी खात्री करून घेतली.

“असतो म्हणजे... जातोय कुठे?”

“मग आमचं नक्की समजा.”

सुधीर कोकणातला, त्याला विचारलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. पण मुद्दाम सांगितलं नाही. तुझ्यासाठी ओटा शोधलाय म्हटलं असतं तर तोंड फुगवून बसला असता.

पहिल्या जागी झाड खरंच दारात होतं. बाभळीचं. बोटभर काटे. सकाळी सुधीरने झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. क्षिप्राने गाडी रिव्हर्स घेत तंबूपर्यंत आणली आणि तो बंपर धरून उठला. बंपर हा कुणाचा हात नाही, यावर आमचं एकमत झालं.

दुसऱ्या जागी गाडी वरपर्यंत जात नव्हती. झाड होतं, आंब्याचं, मागच्या पावसाळ्यात लावलेलं. माझ्या करंगळीएवढं जाड, भोवती काठ्यांचं कुंपण. सुधीर वीस मिनिटं धडपडला. कपाळावर घाम, दात आवळलेले, आणि आम्ही दोघी बाजूला उभ्या, हात मागे बांधून. मला बघवेना. शेवटी त्यानेच मान खाली घालून हात पुढे केला. एक हात मी धरला, एक क्षिप्राने. उठला, पँट झटकली, म्हणाला, “चला घरी.”

तो चिडला असता तर मी भांडले असते. पण आवाजात राग नव्हताच काही. मला रडू आवरेना, म्हणून मी भांडी आवरायला घेतली.

“अट मोडली, कबूल,” मी म्हटलं. “पण तिसऱ्या ठिकाणी आपलं जेवण सांगितलंय. रामचंद्रच्या बायकोने कोंबडी आणली असेल.”

“जेवायचं आणि निघायचं. झोपायचं नाही.”

“बरं.”

आंबा घाट उतरून, मग पुन्हा डोंगर चढून ऊन कलताना आम्ही पोचलो. रामचंद्र कमरेला टॉवेल गुंडाळून रस्त्यातच उभा. मी गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. ना घर, ना अंगण, ना ओटा. जिकडे नजर जाईल तिकडे काळा सपाट दगड. गवताची वाळकी पाती सोडली तर काही म्हणजे काही नाही.

“अहो, सडा कुठाय?” मी विचारलं.

“ह्यो काय! तुमी उभ्या हाव त्यो.”

“हा? अहो, शेणाचा सडा! अंगणातला! ओटा कुठाय तुमचा?”

मागून विचित्र आवाज आला. मला वाटलं सुधीरला ठसका लागला. वळून बघते तर हा गाडीला टेकून हसतोय. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत असा हसला नव्हता.

“अगं उज्वला, सडा म्हणजे कातळ! डोंगराचं टक्कल! तीस वर्षं कोकणातल्या माणसाशी संसार केलास ना गं तू?”

“तुझं गाव खाडीकाठी!” मी तडकले. “तिथे मासे सोडून कुणी दुसरं काही बोललंय का कधी माझ्याशी? आणि इथे खुंटी तरी ठोकता येते का? काय कामाचा हा दगड!”

“खुंटी कशाला?” तो डोळे पुसत म्हणाला. “सड्यावर दोरी धोंड्याला बांधतात. थांब, दाखवतो.”

आणि जेवून निघणारा माणूस तंबू सोडायला लागला. रामचंद्र आणि क्षिप्रा धोंडे आणून देत होते आणि सुधीर उभ्या उभ्या हुकूम सोडत होता. हा मोठा खाली, तो चपटा वर, हलतोय, काढ, पुन्हा बसव. चार कोपऱ्यांना चार ढीग झाले. दाराशी मात्र वारं जोराचं म्हणून त्याने ढीग चांगला मांडीपर्यंत रचायला लावला, वर एक सपाट चिरा ठेवला, आणि हात टेकून, सगळं वजन टाकून बघितलं. ढीग जागचा हलला नाही. सुधीर तसाच थांबला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

“रामभाऊ,” तो म्हणाला, “आम्ही राहतोय.”

कोंबडी फक्कड झाली होती. दिवसभर तापलेला कातळ चटईखालून शेकत होता, गरम पाण्याच्या पिशवीवर झोपल्यासारखी पाठ मोकळी झाली. मी अशी झोपले की सुधीरचं घोरणंही ऐकू आलं नाही.

जाग आली ती चेनच्या आवाजाने. उजाडत होतं. सुधीर तंबूचं दार उघडत होता. मी डोळे मिटल्यासारखे करून फटीतून बघत राहिले. तो बसल्या बसल्या बाहेर सरकला. कुशीवर वळला. एक तळवा चिऱ्यावर, मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही. पांघरुणाचं टोक मी दातात धरलं, कारण माझे हात आपोआप पुढे जात होते. हं, असा एक आवाज आला. दारातून मला त्याचे फक्त पाय दिसत होते. वाकलेले, थरथरणारे, आणि मग सरळ.

ते पाय तिथेच उभे राहिले. मग दोन पावलं पुढे गेले, मागे आले. समोर दरीपलीकडे डोंगरांच्या रांगा लागल्या होत्या आणि या खेपेला त्याची त्यांच्याकडे पाठ नव्हती.

“क्षिप्रा! उज्वला! उठा!” तो ओरडला. अख्ख्या सड्याला ऐकू गेलं असेल. “झोपायला आलात काय इथे?”

मी भसाभसा डोळे पुसले आणि झटक्यात उठायला गेले. आणि अडकले! रात्रभर दगडावर पडून कंबर धरली होती. डावा गुडघा म्हणे मी नाही, उजवा म्हणे मी पण नाही. कशीबशी दारापर्यंत सरकले. दोनदा जोर करून बघितला, तिसऱ्यांदा देवाचं नाव घेतलं, काही उपयोग झाला नाही.

सुधीर कमरेवर हात ठेवून सगळं बघत होता. मग एक हात चिऱ्यावर घट्ट टेकवून त्याने दुसरा माझ्यापुढे केला.

“धर.”

“माझी काही अट नव्हती हं,” मी म्हटलं, आणि धरला.