रंग उठलाय, दुसरं काही नाही

ज्या वर्षी मास्तरच्या थोरल्या बहिणीने सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा संसार मांडला, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न घरच्या घरी झालं. नवऱ्या मुलाची चार वर्षांची नात दिवसभर मास्तरच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. तिचं अंग कढत लागत होतं, मानेवर चार-दोन लाल ठिपके होते. तिच्या आईने फ्रॉकची कॉलर वर केली आणि म्हणाली, "डास चावलेत मेले." चांगल्या दिवशी उगाच कशाला विरजण, असा तिचा विचार. आपणही असा विचार कितीदा करतो!

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. सूत रंगवायच्या शेडवर तो मुख्य रंगारी होता, म्हणून मास्तर. वय चव्वेचाळीस. सुताची लडी टाकीतून वर काढली की नुसत्या नजरेने सांगायचा, "अजून दोन मिनिटं." हे सगळं त्याला वस्तादांनी शिकवलं होतं. अठराव्या वर्षी तो शेडवर आला तेव्हा वस्तादांनी त्याला हाताला धरून टाकीपाशी उभं केलं होतं. आता वस्ताद थकले होते. सांध्यांच्या दुखण्यासाठी जबरदस्त गोळ्या खायचे आणि गुडघे बरे असले की शेडवर येऊन स्टुलावर बसायचे.

या शेडवर एक शब्द होता, 'रंग उठला'. रंगाच्या पाण्याने हातांवर पुरळ यायचं, खाज सुटायची. त्याला सगळे रंग उठला म्हणायचे. त्यावर खोबरेल चोळायचं आणि कामाला लागायचं, हा तिथला कायदा. कोणी त्यासाठी सुट्टी मागितली की मास्तरच सगळ्यांत आधी हसायचा. "रंग उठला म्हणून घरी? मग मधमाशी चावली की पेन्शन घेशील काय रे?" सगळी शेड खो-खो हसायची.

लग्नानंतर पंधराव्या दिवशी मास्तरला ताप आला. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी छातीवर आणि पोटावर लाल पुटकुळ्या दिसल्या. त्याने खोबरेल चोळलं आणि तो कामाला गेला. तिसऱ्या दिवशी त्या पाठीवर, केसांत, अगदी तोंडाच्या आतसुद्धा आल्या. काहींत पाणी भरलं होतं.

"अहो, हे काय आहे?" बायको म्हणाली.

"रंग उठलाय. दुसरं काही नाही."

"तोंडात रंग उठतो होय? टाकीतलं पाणी प्यायलात की काय?"

तिने त्याला चौथ्या दिवशी दवाखान्यात ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाहेर बसवलं, सदरा वर करायला लावला आणि एका नजरेत सांगितलं, "कांजिण्या आहेत."

मास्तर ओशाळला. "डॉक्टर, त्या लहान मुलांना होतात ना?"

"लहानपणी झाल्या नाहीत तर मोठेपणी होतात, आणि मोठ्या माणसाला जास्त जड जातात. हे बघा, इथे नुसता लाल ठिपका आहे, इथे पाण्याचा फोड आहे, इथे खपली धरायला लागली आहे. तिन्ही एकाच वेळी दिसतात, हीच खूण. पहिल्याच दिवशी आला असतात तर औषधाचा गुण लवकर आला असता. आता नखं कापा, फोड खाजवू नका, कोमट पाण्याने अंघोळ करा, तापाला मनाने कुठलीही गोळी घेऊ नका. दम लागला तर तडक इकडे या. आणि शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत कोणात मिसळायचं नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या ओळखीत कोणी गरोदर आहे? तान्हं बाळ? किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कोणी, सांध्यांसाठी वगैरे? त्यांच्या जिवावर बेतू शकतं. असं कोणी तुमच्याजवळ आलं तर लगेच कळवा. दोन-चार दिवसांत कळलं तर बरंच काही करता येतं."

वस्तादांचा चेहरा मास्तरच्या डोळ्यांसमोर आला. शेडवर धुण्याच्या हौदावर काम करणारी एक अवघडलेली, सातव्या महिन्यातली बाईही आठवली. पण शेडवर हे कळलं तर! पोराबाळांचं दुखणं मास्तरला! कोण काय बोलेल, हे त्याला पाठ होतं, कारण आजवर तेच तो दुसऱ्यांना बोलत आला होता.

"नाही," तो म्हणाला. "असं कोणी नाही."

त्याने शेडवर फोन करून सांगितलं, की कंबर धरली आहे.

वस्ताद त्या आठवड्यात गुडघ्यांमुळे शेडवर फिरकले नव्हते, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. शनिवारी दुपारी बायको कामावर गेलेली असताना दार वाजलं. दारात वस्ताद उभे होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाची बाटली.

"काय रे, म्हातारा मी आणि कंबर तुझी? हो पालथा. अशी चोळतो की उद्या नाचत शेडवर जाशील."

"नको, वस्ताद. तुम्ही घरी जा."

"लाजतोस काय नव्या सुनेसारखा?" असं म्हणत त्यांनी त्याचा सदरा वर केला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. ते वाकले, अगदी नाक टेकेल इतके वाकले.

"हा रंग उठलेला नाही," ते हळूच म्हणाले. "रंग हातावर उठतो. जिथे पाणी लागतं तिथे. सदऱ्याच्या आत कसा उठेल?"

मास्तरने उशीत तोंड खुपसलं. "कांजिण्या आहेत. कोणाला सांगू नका, वस्ताद. पाया पडतो. तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला."

"अरे वेड्या, एवढंच ना? मला नाही झाल्या कधी, पण आता या वयात मला काय होणार आहे? जा, नाही सांगत."

वस्तादांना आपल्या गोळ्यांचा आणि या रोगाचा संबंध ठाऊक नव्हता. मास्तरला मात्र ठाऊक होता, दोनच दिवसांपूर्वी त्याने तो ऐकला होता. जिभेवर शब्द आला होता आणि त्याने तो गिळला.

पुढचे दिवस तो मनातल्या मनात मोजत राहिला. आज दुसरा. आज सांगू. आज चौथा. खपल्या धरल्यावर एका संध्याकाळी तो वस्तादांच्या घरापर्यंत गेलाही. सूनबाईंनी चहा दिला. वस्तादांचा मुलगा समोर बसला. मास्तर अर्धा तास निळ्या रंगाच्या नव्या पुडीबद्दल बोलला आणि घरी परत आला.

भेटीनंतर चौदाव्या दिवशी वस्तादांना ताप चढला. सोळाव्या दिवशी त्यांना धाप लागली आणि रुग्णालयात हलवलं. ते ऐकताच मास्तरने बायकोला सगळं सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजार होणं ही लाज आहे का हो? आजार काय विचारून येतो? तुम्हाला तो त्या पोरीकडून आला, तिला आणखी कोणाकडून. त्यात कोणाचा दोष नाही. पण डॉक्टरांनी तोंडावर विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. लाज वाटायची तर त्याची वाटू द्या!"

"आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने. चला, उठा."

रुग्णालयात मुलगा आणि सूनबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. मास्तरने त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. डॉक्टरांना काय खोटं सांगितलं, वस्तादांकडून काय वचन घेतलं, चहा पिऊन तसाच कसा परतला, काही वगळलं नाही. मुलगा उठला. त्याने मास्तरच्या सदऱ्याला हात घातला, मग सोडून दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो मार परवडला असता!

वस्तादांच्या तोंडावर मास्क होता. चेहरा फोडांनी भरला होता. मास्तर पायाशी उभा राहून रडायला लागला तेव्हा त्यांनी बोटाने मास्क थोडा सरकवला.

"इथे काय रडतोस? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना जाऊन सांग."

मास्तर बायकोला घेऊन तसाच शेडवर गेला. दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. लंब्या नावाचा कारागीर हौदाजवळ मान खाजवत उभा होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर ती अवघडलेली बाई लड्या पिळत होती.

"काय लंब्या, रंग उठला वाटतं?" कोणीतरी विचारलं.

"हो ना. सकाळपासून खाज."

"सदरा काढ," मास्तर म्हणाला.

"आं? मास्तर, बायका आहेत इथं!"

कोणी फिसकन हसलं. मास्तर हसला नाही. त्याने लंब्याचा सदरा वर केला. पोटावर लाल ठिपके होते आणि त्यांच्या मधोमध पाण्याचा एक थेंबाएवढा फोड.

"ताई, आधी तुम्ही तिथून लांब व्हा!" मास्तर ओरडला. मग त्याने आपला स्वतःचा सदरा काढला. छातीवर, पाठीवर काळसर डाग होते. "हे बघा सगळ्यांनी. हा रंग उठलेला नाही. या कांजिण्या आहेत. त्या या शेडवर मी आणल्या. माझी कंबर धरली नव्हती, मी खोटं बोललो. माझ्या खोट्यापायी वस्ताद तिकडे श्वासाला झगडताहेत. ज्याला हसायचं त्याने मला खुशाल हसावं. पण आजपासून पुरळ आलं की काम थांबेल आणि माणूस दवाखान्यात जाईल. त्याला कोणी हसलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे."

कोणी हसलं नाही. लंब्याला घरी धाडलं. मास्तरच्या बायकोने त्या बाईला तासाभरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, त्याच दिवशी तयार प्रतिपिंडांची सुई टोचली. तिला कांजिण्या झाल्या नाहीत. पुढे तिला मुलगी झाली, धडधाकट.

वाचकहो, अंगावरचा फोड आठवड्या-दोन आठवड्यांत सुकतो. तो झाकण्यासाठी बोललेलं खोटं मात्र दुसऱ्याच्या घरी जाऊन पिकतं. मोठ्या वयात ताप येऊन अंगावर पुरळ उठलं तर त्याला मनाने नाव देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांनी विचारलं, की तुमच्याजवळ कोण आलं होतं, तर सगळी नावं सांगा. कोणी हसेल या भीतीने एकही गाळू नका. आणि आपल्या शेजारचा माणूस असं काही सांगायला आला, तर आपणही हसू नका.

वस्ताद त्याच वर्षी मार्चच्या एकोणिसाव्या तारखेला, मंगळवारी सकाळी, फुप्फुसांत कांजिण्या उतरून वारले. त्यांचं वय अडुसष्ट होतं.