राखलेली फांदी

शालिनीने अंगण पुन्हा झाडलं. झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण हात स्वस्थ बसेनात. मधेच ती फाटकापर्यंत जाई, रस्ता बघे आणि आवळ्याची पडलेली पानंच उचलायला आल्यासारखी परत फिरे.

आज व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न. तुळशीपाशी ऊस, चिंच आणि फळांनी लगडलेली आवळ्याची फांदी खोवल्याशिवाय पार्श्यात, त्यांच्या गावात, लग्न लागत नाही, आणि वाड्यावर आवळा एकच, तिच्या नवऱ्याचा, सगुणाचा. दरसाल या दिवशी सकाळपासून फाटकात माणसं. सगुण कोयता घेऊन उभा आणि तोंड चालूच, "वडू नकात रे, खांदी मोडतली."

बसवर कंडक्टर होता तो, पण सुट्टीचा सगळा दिवस झाडाखाली. सालीत अळीने भोक पाडलं की सायकलीची तार घालून ती काढायची, मुळाशी मासळी धुतलेलं पाणी ओतायचं. "माज्या गुडघ्याक तेल लावक तुका वेळ नाय," शालिनी म्हणायची. तो हसायचा. फळ धरलं की सगळ्यात भरलेल्या फांदीला तो तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. ती फांदी घरच्या तुळशीची. तिला मग कोणी हात लावत नसे.

औंदाही त्याने चिंधी बांधली आणि दसऱ्याआधी छातीत कळ येऊन गेला.

आता वर्षभर घरात सण नाही, हे शालिनीला मान्य होतं. पण घरात नाही म्हणून वाड्यावरही नाही, असं थोडंच आहे? दुपार टळली तरी कोणी फिरकलं नाही. माणूस गेला तो गेला, लोकांनी आता दारही पुसून टाकलं की काय, या विचाराने तिचा जीव वरखाली होत होता.

तेवढ्यात शेजारची सत्यवती स्कूटरवरून आली. पुढ्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. शालिनी सरळ रस्त्यातच उभी राहिली.

"काय गो ता? बाजारातसून आवळो?"

सत्यवतीचा चेहरा उतरला. "काय करू वयनी? तुमच्या सुविधान ग्रुपार घातल्यान, औंदा आईक त्रास दिव नकात म्हणान. मगे कशी येव?"

शालिनी तरातरा स्वयंपाकघरात गेली. सून सुविधा भाजी चिरत होती.

"माका इचारलंस?"

"आई, फांटी देताना तुमी रडशात म्हणान..."

"रडतलंय. माज्या घोवासाठी रडतलंय. पण झाड बंद करूक तुका कोणी सांगलां?"

सुविधाने हात पुसले आणि फोन हातात घेतला.

मग लोक आले. जरा ओशाळलेले, पण आले. शालिनीने कोयता चालवला. वरच्या फांद्यांसाठी सगुण चढायचा, तिला फक्त खालच्याच जमत होत्या. कोणीतरी फांदी ओढली तशी ती खेकसली, "वडू नकात रे," आणि स्वतःच्या तोंडून ते ऐकून तिला रडू आलं. रडत रडतच तिने पुढची फांदी तोडली.

दिवेलागणीला झाड खालून रिकामं झालं होतं. चिंधीची फांदी तेवढी राहिली.

आणि सत्यवती परत आली. हातात तोच कागद. "स्कूटरीर आवळे सगळे गळान पडले गो. थंय भटजी येवन बसलोहा." बोलता बोलता तिची नजर वर गेली. "नाका, ती नाका. ती दादान राखलेली."

नाही म्हणायचा शालिनीला पुरता हक्क होता, आणि तसं तोंडापर्यंत आलंही. तिने फांदी डाव्या हातात धरली आणि तोडली.

चिंधीची गाठ पावसाने आवळून बसली होती. ती पायरीवर बसून नखांनी गाठ सोडवू लागली. बसच्या टपावरचं सामान बांधावं तशी बांधली होती मेल्याने.

"कोयत्यान काप गो," सत्यवती म्हणाली. पलीकडून भटजीची हाक आली.

"भटजीक सांग, रव जरा."

सत्यवती सांगायला गेली नाही. तीही पायरीवर टेकली. गाठ सुटली तेव्हा शालिनीने फांदी तिच्या हातात दिली.

थोड्या वेळाने दगडी गडग्यापलीकडे मंगलाष्टका सुरू झाल्या. शालिनीने चिंधी कनवटीला खोचली, आवळ्याखाली गेली आणि पुढल्या वर्षी आपल्या हाताला लागेल अशी एखादी फांदी अंधारात चाचपू लागली.