आत्ता की नंतर

कॉम्प्युटरवर रोज उगवणाऱ्या अपडेटच्या चौकटीत दोनच बटणं असायची: ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ‘नको’ म्हणायची सोय ठेवलेलीच नव्हती. वृषालीला त्याचं नवल वाटत नसे. तिच्या लग्नाचा विषय निघाला की मावशीही असंच विचारायची, यंदा की पुढच्या वर्षी? मावशीला ती आठ वर्षं टोलवत आली होती, तिथे कॉम्प्युटरची काय कथा. दोंडाईच्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं टायपिंगचं दुकान. रोज सकाळी आधी उदबत्ती, मग ‘नंतर’, मग काम.

शुक्रवारी ती माठ भरायला मागे गेली आणि मशीनचा संयम संपला. परतली तेव्हा पडद्यावर आकडे सरकत होते. अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. एकवीस टक्के. ती खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. बंद करावा तर सगळंच जायचं; चालू ठेवावा तर काय जाईल ते ठाऊक नाही. इकडे आड, तिकडे विहीर. शंभर टक्के व्हायला पावणेदोन तास लागले, आणि तेवढा वेळ तिला दुकानातून हलताही आलं नाही.

मशीन उठलं ते नवं कोरं होऊन. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर मात्र जागेवर नव्हतं. ‘या आवृत्तीशी जुळत नसल्याने काढून टाकले आहे,’ एवढं कळवण्याचं सौजन्य दाखवलं होतं. म्हणजे कोणी आपल्याच घरात शिरून आपलं सामान रस्त्यावर काढायचं आणि वर चिठ्ठी ठेवायची. वृषालीने रागाने इंटरनेटची वायर उपटली. बैल गेला नि झोपा केला.

ते सॉफ्टवेअर जळगावच्या हितेंद्र सरांनी घरी बसून बनवलेलं. खानदेशी उच्चारांसाठी त्यांनी त्यात खास कळा ठेवल्या होत्या. सर कोरोनात गेले. त्यांची सीडी होती, ती नव्या अवतारातल्या मशीनने नाकारली. धुळ्याच्या भूषणने फोनवरून तासभर खटपट केली आणि “ताई, मागे जायचा रस्ता बंद झालाय” म्हणून सांगितलं. पेन ड्राइव्हवरची, टाइप केलेल्या शब्दकोशाची प्रतही त्याच सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधली. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. चारशे बारा पानं.

ती पानं अभिमन आबांची होती. आबा निवृत्त मास्तर, वय त्र्याऐंशी, दोन्ही डोळे गेलेले. डोळे होते तोवर त्यांनी चाळीस वर्षं बाजारात, बांधावर, लग्नाच्या पंगतीत कानावर पडलेला एकेक खानदेशी शब्द चिठ्ठीवर उतरवून ठेवला होता. वृषाली चिठ्ठ्या टाइप करायची, आबांना वाचून दाखवायची, आणि एक अक्षर पुरं झालं की त्या चिठ्ठ्या आबांच्या सांगण्यावरून तापीत सोडून यायची. लिहिलेला कागद रद्दीत जाऊ नये, पुडी बांधायला वापरला जाऊ नये, एवढाच आबांचा आग्रह. मागच्या महिन्यात शेवटच्या, ‘ह’च्या चिठ्ठ्या तिने हळद-कुंकू वाहून सोडल्या होत्या. त्या आता कुठल्या सापडायला.

सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं. त्याआधी शेवटचं ऐकायला आबा त्याच शुक्रवारी दुपारी तीनला येणार होते.

तीनला रिक्षा थांबली. आबा काठी टेकत आत आले आणि टेबल चाचपून स्टुलावर बसले.

“वाच बेटा,” ते म्हणाले. “‘शे’ पासून वाच. तो शब्द गोड शे.”

वृषाली पडद्यासमोर सरकली. न दिसणाऱ्या माणसाला फसवणं सोपं होतं, आणि तिला स्वतःची लाज वाटली तरी तिने ते करून पाहिलं. “शे, म्हणजे आहे,” ती आठवणीने म्हणाली. पुढचं वाक्य आठवेना. ती पडद्याकडे बघत राहिली. तिथे एक अवतरणचिन्ह होतं, मग के, मग एस. तिची करंगळी आपोआप टेबलावर उजवीकडे सरकली. सरांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कळेवर अर्धा श. के म्हणजे दांडी. एस म्हणजे मात्रा.

शे.

तिने पुढचा शब्द धरला. सी म्हणजे ब. मोठा बी म्हणजे ठ, मग पाय मोडायची कळ, परत मोठा बी, परत के. बोटं टेबलावर वाजत राहिली आणि तोंडातून शब्द सांडत गेले. “बठ्ठा... आपलाच... शेतस.” सगळे आपलेच आहेत.

“आज अडखळी ऱ्हायनी तू,” आबा म्हणाले. “काय व्हयनं?”

तिने सगळं सांगितलं. रोज ‘नंतर’ दाबत होते, हेसुद्धा सांगितलं आणि रडली.

“मंग ते पुस्तक आते कोनलेच वाचता येत नई?”

“मला येतं. बोटांनी, हळूहळू. पुन्हा सगळं टाइप करायला वर्ष जाईल, आबा.”

“तुनाबिगर कोनलेच नई?”

“नाही.”

आबांनी तिचा हात चाचपून शोधला आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

“मंग मी मरनू ते चाली,” ते म्हणाले. “तू मरू नको, बेटा.”

“नंतर मरेन, आबा,” वृषाली म्हणाली, आणि डोळे पुसून ‘अ’चं पहिलं पान उघडलं.