आठव्या डब्यातला एकटा

श्रीखंडाचे रिकामे डबे मी धुऊन जपून ठेवते, यावरून आईपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी मला चिडवून झालंय. पण जीवाश्म ठेवायला किलोच्या डब्याइतकी सोयीची वस्तू मला अजून सापडलेली नाही. असे आठ डबे आहेत माझ्याकडे. झाकणांवर मार्करने लिहिलंय, थर एक ते थर आठ. आत अमोनाइट, म्हणजे सोळा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांचे गुंडाळलेले शंख. पार दगड झालेले. कच्छमधल्या एकाच टेकडीतून सहा उन्हाळे खपून मी ते थराथराने काढले.

मी नगरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. इथली जमीन सगळी काळ्या लाव्ह्याची, औषधालाही समुद्र सापडायचा नाही. त्यामुळे ‘मॅडम नगरात बसून शंख मोजतात’ हा स्टाफरूममधला कायमचा विनोद. शंख या शब्दाचा दुसरा अर्थही सगळ्यांना ठाऊक आहेच. मी चिडते, आणि मी चिडते म्हणून ते पुन्हा म्हणतात.

मोजणं मात्र खरं होतं. सगळ्यात खालच्या थरात तेवीस जाती, चौथ्यात चौदा, सहाव्यात पाच, सातव्यात दोन. समुद्र बदलत गेला आणि एकेक जात नाहीशी झाली. आठव्या, सर्वांत वरच्या थरात मला अख्खे सहा उन्हाळे मिळून एकच शंख मिळाला. सुपारीएवढा. माझा सगळा लेख त्या सुपारीवर उभा होता. तो जुन्या जातीचा असेल, तर त्या पडझडीतून कोणीतरी तरलं. नवा असेल, तर जुने सगळे संपले आणि हा मागाहून आलेला पाहुणा. ‘जुनीच जात’ असं मी ठासून लिहिलं होतं. लेख तपासणाऱ्यांनी कळवलं, आठव्या थरातल्या नमुन्याचे जवळून काढलेले फोटो पाठवा, त्याशिवाय छापता येणार नाही. मागणी रास्त होती. मुदत शुक्रवारपर्यंत.

इतर शंखांचे फोटो मी काढले होते, तेही मोठ्यांचेच. याचा राहिला होता. एकच तर आहे, जातोय कुठे, असं मला वाटलं होतं.

गणपतीनंतर कॉलेजने आमची नमुन्यांची खोली परीक्षा विभागाला दिली, तेव्हा डबे सावेडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आले. घरात मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, नृसिंहशास्त्री. राहात्याच्या शाळेत त्यांनी संस्कृत शिकवलं आणि शाळेआधी घरोघरी पूजा सांगितल्या. आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आई गेल्यापासून विसरायला लागलेत. पाथर्डीकडची लंकाबाई सकाळी सातला येते, स्वयंपाक करून साडेनऊला जाते. दहाला मी बाहेरून कडी लावून निघते. कडी लावावी लागते, कारण एकदा अण्णा राहात्याची शाळा शोधायला निघाले आणि एमआयडीसीपाशी सापडले.

बुधवारी सकाळी मी आठवा डबा उघडला. आत चार शंख होते.

चारही सुपारीएवढेच, लखलखीत. प्रत्येकावर गंधाचा ठिपका. वास लिंबाचा. मी प्रत्येक नमुन्यावर व्हाइटनरचा ठिपका देऊन त्यावर बारीक शाईने क्रमांक घातला होता, तो ठिपका कुठेच नव्हता. मी बाकीचे डबे उघडले. पहिल्यात वहीप्रमाणे एकतीस हवे होते, तीस निघाले. पाचव्यात अकराचे बारा झाले होते. एकाही झाकणाखाली विषम आकडा उरला नव्हता.

‘‘लंकाबाई, या डब्यांना कोणी हात लावला?’’

ती कणकेच्या हातानेच बाहेर आली. ‘‘अण्णाच की. रोज पूजा करत्यात, तुमी गेल्याव. तीन आठवडं झालं. म्या सकाळी ताम्हन घासती आन लिंबं आनून देती.’’

‘‘आणि मला सांगावंसं वाटलं नाही?’’

‘‘आता पूजेचं काय सांगायचं, ताई? तुमीच देव आनले म्हनले. सांगताना लई खूश असत्यात.’’

अण्णा खिडकीशी बसले होते. मी डबा त्यांच्यासमोर धरला. त्यांचा चेहरा खुलला. ‘‘शाळिग्राम! काळे नाहीत, पण चक्र बघ कसं स्वच्छ आहे. तुझ्या हातून मोठं काम झालं, सुचे. फक्त विषम ठेवले होतेस. शाळिग्राम समच पूजावेत. समातही दोन नकोत. मी लावून घेतले नीट.’’

नियम त्यांनी न अडखळता सांगितला. त्याच सकाळी माझ्या नावाशी ते दोनदा अडखळले होते.

‘‘आणि पांढरे ठिपके?’’

‘‘डाग होते गं देवाच्या अंगावर. लिंबाने निघाले. फसफसले. देव बोलतात बघ.’’

चुनखडीवर लिंबू पिळलं की ती फसफसणारच. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवते. माझा तोल गेला. ‘‘हे देव नाहीत अण्णा! मेलेले प्राणी आहेत. सोळा कोटी वर्षांपूर्वी मेलेले!’’

त्यांनी हात मांडीवर ठेवले. त्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘मग मी रोज कोणाला आंघोळ घातली?’’

आपलेच दात, आपलेच ओठ. लंकाबाई पुटपुटली, ‘‘म्हाताऱ्या मानसाव कशाला वरडता, ताई? दगडंच हायेत ना, पुन्हा वेचू की.’’ पुन्हा वेचायला ती टेकडीच उरलेली नाही. मार्चमध्ये गेले तेव्हा तिथे खडीची खाण होती, आणि माझा आठवा थर डंपरमधून कुठल्याशा रस्त्यावर पडायला गेला होता.

गुरुवारी रजा टाकून मी भिंग घेऊन बसले. शंखाच्या खाचेत अडकलेल्या मातीवरून थर ओळखता येतो. ती माती लिंबाने आणि अण्णांच्या जुन्या टूथब्रशने साफ गेली होती. आठव्या डब्यातल्या चारांपैकी दोन जुन्या जातीचे होते, दोन लिंबाने झिजून मला अनोळखी झालेले. म्हणजे हेही शक्य, तेही शक्य. जुन्या जातीचा एक उचलून फोटो पाठवला असता तर कोणाला कळलंही नसतं. हा विचार मी केला, आणि थोडाथोडका नाही, दुपारभर केला. वहीत ओळ होती, ‘थर आठ, एक नग’. पण तो नग कोणता, हे वहीला कुठून माहीत असणार? शंख कोण असेल तर मीच.

शुक्रवारी सकाळी लंकाबाई गेल्यावर मी चारही शंख ताम्हनात मांडले आणि आवाज मऊ करून विचारलं, ‘‘अण्णा, आधी डब्यात एकटाच होता तो यातला कोणता?’’

त्यांनी प्रत्येकावरून अंगठा फिरवला. घाई केली नाही. मग एक उचलला. ‘‘हा.’’

जुनी जात! माझे डोळे भरून आले. मी कॅमेरा काढला, कपडा पसरला. पण इतक्या वर्षांची सवय नडली. मी शंखांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा विचारलं.

अण्णांनी तसाच अंगठा फिरवला आणि दुसराच उचलला. ‘‘हा,’’ ते म्हणाले, तितक्याच खात्रीने.

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. कॅमेरा पिशवीत ठेवताना मला अचानक दुसरंच आठवलं. हा नियम मी लहानपणापासून ऐकला होता, आणि त्याचा शेवट त्यांनी बुधवारी सांगितलाच नव्हता.

‘‘अण्णा, विषमात एक चालतो ना? एकच शाळिग्राम असला तर दोष नाही, असं तुम्हीच सांगायचात.’’

‘‘चालतो की. शास्त्राला चालतो.’’

‘‘मग याच्यात तीन का घातले?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं कसं कळत नाही, अशा नजरेने. ‘‘तू झाकण लावून जातेस. दिवसभर आत एकटाच. मला नाही बघवलं.’’

मी उठून लॅपटॉप उघडला. आठव्या थरातला नमुना ओळखता येत नसल्याने लेख मागे घेत आहे, एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. हे कसं झालं ते लिहिलं नाही, इंग्रजीत ते कसं लिहितात मला ठाऊक नाही. दहा वाजत आले होते, पहिला तास माझाच होता.

अण्णांनी चौघांना डब्यात ठेवलं आणि डबा पुढ्यात घेतला. ‘‘आज झाकण नको,’’ ते म्हणाले. मी झाकण लावलं नाही. चपला घातल्या, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली.