दुसरा ब्रेक

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मास्तरांची खोड त्यांच्या पायात होती.

उभं आयुष्य त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवण्यात घालवलं. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक. कुत्रं आडवं आलं, हातगाडी वळली, नवशिक्या जरा गांगरला, की मास्तरांचा पाय खाली. गाडी जागच्या जागी उभी राही आणि शिकणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. पुढे ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं, गाडी भंगारात गेली, मास्तर निवृत्त झाले. पाय काही निवृत्त झाला नाही. बसमध्ये, जेवणाच्या टेबलाखाली, टीव्हीवर कुणी गाडी पळवत असलं तरी तो जमीन दाबत राही. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कुणी ढुंकून बघत नसे.

त्या सकाळी मात्र लेकीनं बघितलं. आज नातीचा घोड्यावर बसायचा पहिला दिवस. ही नात म्हणजे खारू. एका जागी बूड टेकत नाही म्हणून घरानं ठेवलेलं नाव. वर्षभर तिनं घोड्याचा धोशा लावला होता. आता घोड्यांच्या शाळेत नाव लागलं, तर लेकीला कामावरून सुट्टी नव्हती आणि जावई परगावी. उरले मास्तर. ते दारात बूट घालून तयार उभे होते आणि पाय पायपुसणं दाबत होता.

“बाबा, तिथे मध्ये बोलायचं नाही,” लेक म्हणाली. “काहीही झालं तरी. शिकवायला मॅडम आहेत.”

“मी कशाला बोलतोय?”

“बोललात, तर पुढच्या वेळेपासून मी रजा काढून नेईन. तुम्ही घरी.”

लेक उगाच बोलत नव्हती. तिलाही गाडी मास्तरांनीच शिकवली होती. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं आणि कपाटात जाऊन पडलं ते पडलंच. ती आजही बसनं कामाला जाई. कुणी विचारलं की हसत सांगे, गाडी चालवता येते हो, थांबवता येते की नाही ते ठाऊक नाही. दरवेळी थांबली ती माझ्यामुळे की बाबांमुळे, मला कधी कळलंच नाही. पाहुणे हसत. मास्तरही हसत आणि पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे करत.

बसमध्ये खारूनं खिडकी, दांडा आणि आजोबा तिन्हींवर चढून घेतलं. मास्तरांनी बजावलं की घोड्यावर असं करायचं नाही. मग आठवलं, आपल्याला काही बजावायचंच नाही, आणि ते गप्प झाले.

घोड्यांची शाळा म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड. आत वाळूचं रिंगण, भोवती लाकडी कठडा, कठड्याबाहेर पालकांसाठी बाक. ओल्या भुशाचा वास. मॅडम बारीक अंगाच्या आणि घोगऱ्या आवाजाच्या होत्या. त्यांनी खारूच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला. मास्तरांनी तो पुन्हा ओढून बघितला. मॅडमनी खोगिराचा पट्टा आवळला. मास्तर वाकून त्याचंही बक्कल बघू लागले, तेव्हा मॅडम म्हणाल्या की घोडी पन्नास वेळा तपासली तरी घोडीच निघेल.

घोडी म्हातारी, पोटानं सुटलेली, डोळे अर्धे मिटलेले. तिचं नाव आत्याबाई.

“हिला ब्रेक कुठे?” मास्तरांनी विचारलं. गंमत म्हणून विचारलं, पण खरं तर गंमत म्हणून नाही.

“लगामात. बसणाऱ्याच्या पाठीत. आणि आवाजात. ही आवाजावर चालते. चल म्हटलं की चालते, थांब म्हटलं की थांबते. कुणीही म्हणू दे, आत्याबाई सगळ्यांचं ऐकतात. म्हणून बाकावरच्या मंडळींना माझी विनंती एकच, तोंड बंद.”

दुसऱ्यांदा तेच. मास्तर बाकावर जाऊन बसले आणि हाताची घडी घातली. शेजारी एक बाई विणकाम करत होत्या. त्यांची मुलगी पुढच्या तासाला होती.

आत्याबाई चालू लागल्या. मॅडम रिंगणाच्या मधोमध उभ्या, हातात लांब दोर, दोराच्या टोकाला घोडी, घोडीवर खारू. पाठ ताठ, तोंड उघडं. तिला इतकं स्थिर मास्तरांनी ती झोपेत असतानाही पाहिलं नव्हतं. वळण आलं, पाय दाबला. पुढचं वळण, पुन्हा दाबला. घोडीनं मान झटकली, दोनदा दाबला. बाकाची फळी कुरकुरायला लागली तेव्हा विणणाऱ्या बाईंनी, सुईवरची नजर न काढता, काकांच्या पायाला मुंग्या आल्यात का म्हणून विचारलं. मास्तरांनी उजवा पाय डाव्या पायाखाली अडकवून ठेवला. डावा हलायला लागला.

मग मॅडमनी दुडकी चाल सांगितली.

आत्याबाईंनी झोपेतून उठल्यासारखा एक सुस्कारा सोडला आणि दुडदुडायला लागल्या. खारू खोगिरावर पिशवीतल्या बटाट्यासारखी आपटत होती. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. कोपऱ्यात तिचा पाय रिकिबीतून सुटला. मास्तरांना तो सुटलेला पाय दिसला, एका बाजूला सरकणारं खोगीर दिसलं (ते सरकत नव्हतं, पण त्यांना दिसलं), मॅडम अगदी शांत आवाजात “आयाळ धर” म्हणतायत तेही ऐकू आलं. खारूनं हात पुढे केला. पण तोवर मास्तरांचा पाय सुटून जमिनीवर आपटला होता आणि पायापाठोपाठ तोंड.

“थांब!”

आत्याबाईंनी ऐकलं. चारही पाय रोवून जागच्या जागी उभ्या राहिल्या. खारू थांबली नाही. ती मानेवरून पुढे गेली आणि वाळूत येऊन पडली.

मास्तर कठड्यापाशी पोहोचेपर्यंत ती उठून बसलीही होती. ओठ फुटला होता, नाकाला वाळू लागली होती. मॅडमनी हातपाय हलवून बघितले, डोळ्यांत बघितलं, तोंड पुसलं. मोडलं काही नव्हतं. खारू रडली नाही. तिनं घोडीकडे बघितलं आणि विचारलं,

“हिला कुणी थांबवलं?”

मॅडम दोर गुंडाळू लागल्या. विणणाऱ्या बाई टाके मोजू लागल्या.

“मी,” मास्तर म्हणाले.

“मी धरत होते की.” तिचा आवाज आता चिरकला. “मी धरतच होते, आजोबा.”

मास्तरांनी कठड्यावरून हात पुढे केला. आज पुरे, घरी जाऊ, आई ओठ बघून काय म्हणेल, असं बरंच काही ते भराभर बोलले. खारूनं हात धरला नाही. ती मॅडमना म्हणाली की मला परत बसायचंय. आणि मग, तशीच पाठमोरी, “आजोबा, तुम्ही बाहेर जा.”

आठ वर्षांच्या पोरीनं मास्तरांना हाकललं होतं. ते मॅडमकडे बघत राहिले. मॅडमनी मानेनंच दार दाखवलं.

बाहेर दाण्याचं एक रिकामं पिंप होतं. मास्तर त्यावर बसले. पत्र्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त टापा ऐकू येत होत्या. आधी चाल. मग दुडकी. वाळूत पडणाऱ्या टापांवरून त्यांनी कोपरे ओळखायचा प्रयत्न केला, जमेना. पाय जमीन दाबायला लागला. त्यांनी दोन्ही पाय वर ओढून घेतले आणि पिंपावर मांडी घातली. मांडी घातलेला माणूस ब्रेक दाबू शकत नाही. पाठ दुखायला लागली.

आतून मॅडमचा आवाज आला. “आता तू थांबव. मी बोलणार नाही.”

टापा चालूच राहिल्या. कोपरा गेला असावा. आणखी एक गेला. लगाम फार हळू ओढला असेल, किंवा ओढलाच नसेल, किंवा पाय पुन्हा सुटला असेल. एकदा टापा मंदावल्या आणि पुन्हा वाढल्या. मास्तरांच्या घशाशी तो शब्द येऊन बसला. पत्रा पातळ होता, आत्याबाईंनी तो सहज ऐकला असता. त्यांनी ओठ दातांखाली धरला.

टापा मंदावल्या. विस्कटल्या. थांबल्या.

मग घोडी फुरफुरली, आणि मॅडम म्हणाल्या, “मी बोलले नव्हते हं.”

संध्याकाळी लेक कामावरून आली आणि पर्स खाली ठेवायच्या आधी तिनं ओठ बघितला. खारूनं तोंड उघडण्याआधीच मास्तरांनी सांगून टाकलं: मी मध्ये बोललो, घोडी थांबली, ही पडली. लेकीनं पर्स ठेवली, पंचा घेतला. पंच्याचं टोक ओलं केलं आणि पोरीचा ओठ पुसायला बसली. पुढच्या वेळी रजा काढते, एवढंच म्हणाली, पंच्याकडे बघत.

खारूच्या तोंडाला मात्र आता लगाम नव्हता. आत्याबाईंचे कान, दुडकी चाल, वाळू तोंडात गेली ती, आजोबा पिंपावर मांडी घालून बसले होते ते, आणि मग तिनं घोडीला थांबवलं ते.

“मीच थांबवलं. एकटीनं.”

लेकीचा हात तिथेच राहिला. “तूच थांबवलंस हे कशावरून?”

“आजोबा बाहेर होते ना,” खारू म्हणाली, इतकं साधं कसं कळत नाही अशा आवाजात.

टेबलाखाली मास्तरांचा पाय जमीन दाबत होता. लेकीला ते ऐकू येत होतं. तिनं पंचा पिळला, दोरीवर टाकला, त्याची टोकं सारखी केली.

“पुढच्या वेळी बाहेर बसायला काहीतरी घेऊन जा, बाबा,” ती म्हणाली. “पिंपावर कंबर धरेल.”