बाच्या बेंबीवरलं कबूतर

आयच्या हातातला चमचा म्या हिसकावला आन् भुकटीसकट राखंत फेकला. अगं बायांनो, ऐका तर! सकाळच्या पारी भट्टीत भाकरी फुगत व्हती, धुरानं डोळ्यांतनं पानी, आन् ही माउली काकवीत ती काळी भुकटी कालवून बाला चाटवायला निघालेली!

"मेले, बाचं औषध राखंत?" आय वराडली.

"औषध? कापूस येचायच्या आधीपासनं चाटतोय. पोट बघ त्याचं, गाभन म्हशीवानी! पायाला बोट लावलं की खड्डा पडतोय."

"शाझलीतात्या म्हनला, आतला मळ सुटतोय."

"त्याच्याच जिभेचा मळ सुटलाय, आये. आजार रेड्याला आन् औषध पखालीला!"

तुतीखाली बाजेवर बा पडलेला. माझा बा, शहात नाव त्याचं. भाताच्या चिखलात फसलेली म्हैस एकटा वढून काढायचा, तो आता लोटा उचलताना धापतोय. डोळं घेवड्याच्या वाळल्या शेंगंवानी पिवळं. चुलतभावाच्या आपरेशनाला रगत द्यायला गेला तवा तपासून रगत नाकारलं. लिव्हरला आतनं खानारा विषानू हाय म्हनं, कैक वर्सांपासनं. तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळत्यात. आख्खा मुलूख रांगा लावतोय. पन माझा बा? न्हाई म्हंजी न्हाई.

"सरकारच्या सुईनं दुखनं पोटात घातलं," बा बाजेवरनंच म्हनला, "आता सरकारची गोळी खाऊ? चोरानं घर धुतल्यावर त्यालाच राखनीला बशिवतो का कुनी?"

आता ह्यात बाचं चुकलं कुठं, सांगा बरं! तो शाळंत व्हता तवा कालव्यात डुंबनाऱ्या पोरांच्या लघवीतनं रगत पडायचं, पान्यातल्या किड्यानं. मग शाळंत सुया आल्या. काचंची एकच पिचकारी. एकाच्या दंडातनं उपसायची, दुसऱ्याच्या दंडात खुपसायची, मधी पुसायची बी न्हाई. मास्तर छडी घिऊन दारात हुबा, कुनी पळू नये म्हनून. किडा गेला, पन ह्याच्या रगतातला विषानू त्याच्या रगतात ग्येला. त्या रांगंतली निम्मी पोरं पिवळी हून, रगत वकून कबरस्तानात झोपली. दुधानं पोळला तो ताक फुंकून पितो म्हनत्यात, माझा बा तर ताकाचं नाव काढलं तरी घर सोडून जाईल.

आन् ह्याच भेगंत शाझलीतात्या शिरला. आखाती मुलखातनं परत आलेला, अंगरख्याला अत्तर, हातात डबा. डब्यावर सिंव्हाचं चित्र. "ह्यात सुई न्हाई, सरकार न्हाई," तो बाला म्हनला. "डोंगरातलं गवत, जीवनसत्त्वं आन् लोखंड. लिव्हर थकलं म्हंजी रगत थकलं, शहातभाऊ. रगताला लोखंड पायजे." बाला बरं वाटलं. कुनीतरी सुईबिगर बोललं ना! आन् काकवीनं अंगात रगत भरतं, हे तर आमच्याकडं बाळंतनीपासनं म्हाताऱ्यापतुर समद्यांना पाठ. आयनं दोनी एकत्र केलं आन् वर चमचा वाढवला, लवकर गुन यावा म्हनून.

आदल्या दिशीच म्या तो डबा आन् बाचं जुनं कागद घिऊन गुपचूप तालुक्याला ग्येले व्हते. तिथल्या नेव्हीन नावाच्या डाक्टरीननं कागद चाळलं, डबा फिरवून वाचला आन् टेबलावर आदळला.

"अगं, ह्यांच्या रक्तात लोखंड आधीच जास्त झालंय. लिव्हरमधे साठतं ते. आजारी लिव्हरला आणखी जाळतं. वर काकवी? आणि गवतानं हा विषाणू मरत नाही, बाई. बंद कर हे आजच. त्यांना घेऊन ये. लिव्हरचा दगड होत चाललाय, पुरा झाला तर माझ्या गोळ्या पण काही करायच्या नाहीत."

घिऊन ये! हौदातली म्हैस हाय का, दावं वढलं की येईल?

म्हनून तो चमचा राखंत ग्येला. आन् आय तरातरा शाझलीलाच बोलवायला ग्येली.

जुम्म्याची नमाज झाली आन् शाझली आला, मागं अर्धी आळी. बाचं पोट बघून त्यानं मान हलिवली. "पिवळं लई मुरलंय. आता कबुतरं बसवावी लागतील. मग डबा दुप्पट."

कबुतरं! आमच्याकडं कावीळ उतरवायची जुनी रीत ती. जितं कबूतर उलटं धरून बेंबीवर बसवायचं, ते कावीळ वढून घेतं आन् मरतं. आन् कबुतरं कुनाची? माझी! म्या पाळलेली, कबुतरांच्या मातीच्या बुरुजातली, माझ्या लग्नात हिरवा गहू भरून रांधायची म्हनून राखलेली. आयनं इचारलं बी न्हाई, हात घालून काढली.

शाझलीनं पहिलं कबूतर बाच्या बेंबीवर दाबलं. पाखरानं मान ताठ केली, चोच उघडली, डोळं फिरले. ग्येलं.

"सुभानअल्ला!" आळी वराडली.

दुसरं. ते बी ग्येलं. शेजारची सबिहामावशी रडायला लागली, "बघ गं पोरी, कसं इख वढतंय!"

पन म्या त्याचा अंगठा बघत हुते. कबूतर कसं धरावं ते मला कुनी शिकवाया नको, अंड्यातनं निघाल्यापासनं माझ्या तळहातावर वाढलेली ती. त्याचा अंगठा छातीखाली रुतलेला. पाखराची छाती हलली न्हाई तर ते श्वास कशानं घेईल? माझ्या डोक्यात असा जाळ उठला की कानात भट्टी घुमाया लागली.

"तात्या," म्या म्हनलं, "आता एक तुमच्या बेंबीवर."

"माज्या? मला काय धाड भरलीय?"

"मग बरंच की! धडधाकट मानसावर पाखरू जगंल. जगलं तर आयला म्हनीन, बाला डबा तिप्पट चाटव."

"पोरगी चेकाळलीया, शहातभाऊ."

बा कोपरावर उठला. लई दिसांनी त्याच्या आवाजात नांगर वढायचा जोर आला. "वर कर अंगरखा, शाझली."

"दे मग इकडं, मी धरतो."

"न्हाई. धरनार मी. तुमी धरलं अक्षी तसंच."

तिसरी कबुतरी माझी बुजरी व्हती, गळ्यावर जांभळी झाक असलेली. दुसऱ्या कुनाच्या हातात जायची न्हाई. म्या तिला शाझलीच्या बेंबीवर ठिवली आन् अंगठा छातीखाली घातला. बायांनो, बोटाखाली तिचं काळीज असं धडधडत हुतं... आन् तिनं माझ्याकडंच बघितलं. म्या दाबलं. धडधड थांबली.

मग सबिहामावशीनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! शाझलीलाच कावीळ!"

आळी अशी हासली की तुतीवरल्या चिमण्या उडाल्या. "डबा उघड तात्या, चमचा आना रं!" "काकवी हाय का कुनाकडं?"

मी न्हाई हासले. "म्या दाबून मारली," म्या वराडले, "जशी ह्यानं मारली. कावीळ न्हाई वढत पाखरू! आन् त्या डब्यानं माझा बा बी असाच दाबून मरतोय!"

शाझली अंगरखा सावरत पळाला, वहाना तिथंच टाकून. आयनं डबा कालव्यात फेकायला उचलला, मग थबकली. "नगं. मासं मरतील." आन् मटकन बसून रडाया लागली.

बा हासला न्हाई, रडला न्हाई. बुजरीकडं बघत म्हनला, "सकाळी गाडी सांग."

दवाखान्यात डाक्टरीननं सुईचं पाकीट काढलं. बानं तिचा हात धरला.

"फाड माज्यासमोर."

तिनं पाकीट फाडलं.

"मी आधी नीट बघितलं न्हाई. दुसरं फाड."

रांगंतली मानसं कुरकुरली. तिनं दुसरं फाडलं. बानं डोळं सुयीवर रोवले, ती दंडात शिरंपतुर. रगत नळीत चढाया लागलं तवा तो शाळंच्या रांगंतल्या पोरांची नावं घ्याया लागला, "गमाल. देसूकी. अब्दल-बारीची जुळी. लहानगा मुतवल्ली, माज्या फुडं हुबा व्हता तो. त्याच्या दंडातली सुई माज्या दंडात आली. एवढं एक कागूद फाडाया काय जड जात हुतं तुमाला?"

"काका," डाक्टरीन म्हनली, "मी तेव्हा जन्मले पण नव्हते."

"ठावं हाय. माफी मागायला ज्यानं यायला पायजे हुतं, तो आलाच न्हाई कंदी."

तपासनी झाली, गोळ्या मिळाल्या. डाक्टरीन म्हनली, विषानू जाईल, पन लिव्हर जेवढं दगड झालं त्येवढं परत मऊ व्हईल, ह्याचा भरवसा न्हाई. बानं पहिली गोळी हुब्यानं गिळली, पानी बी घेतलं न्हाई. "उपकार म्हनू नका ह्याला," त्यो म्हनला.

बरं, मग घरी यावं का न्हाई? गाडीवाला भोंगा वाजवून दमला. बा सुयीच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून हुबा, सुजल्या पायांनी, आन् फुडं येनाऱ्या पत्येकावर गुरगुरतोय,

"ए, तिकडं कुठं बघतोस? पाकीट फाडताना बघ!"